आधी नणंदेचं दार, मग हजची बॅग

दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मी ५८ वर्षांची, आमचे हे ६६. त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे, माझे गुडघे धरतात. मुलगा कुवेतला असतो. त्याने पैसे भरले आणि यंदा आमचा हजचा नंबर लागला. निघायला चार महिने आहेत. रोज कुणी ना कुणी भेटायला येतं आणि वेगळंच काही सांगून जातं. कुणी म्हणतं चाळीस दिवसांचं खाणं बांधून न्या. कुणी म्हणतं काबाभोवतीच्या तवाफच्या प्रत्येक फेरीची दुआ पाठ पाहिजे, नाहीतर हज होत नाही. मला अरबी वाचता येतं, पण अर्थ कळत नाही. बॅगेत काय भरू? शरीराची तयारी कशी करू, आणि मनाची कशी? आणखी एक. माझी नणंद नऊ वर्षं आमच्याकडे आलेली नाही. सासऱ्यांच्या वाडीच्या वाटणीवरून झालं. हे म्हणतात, हज करून आलो की बघू."

आपा, अस्सलामु अलैकुम. तुम्हां दोघांना मनापासून मुबारकबाद.

पत्रात तुम्ही बॅगेचं आधी विचारलंत आणि नणंदेचं शेवटी, 'आणखी एक' म्हणून. मी उलट्या क्रमाने उत्तर देते. बॅग भरायला दोन दिवस पुरतात, नऊ वर्षांचा अबोला मोडायला चार महिनेही कमी पडू शकतात.

वाटणी कशी झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्या किनाऱ्यावर ती बहुतेक घरांत एकाच पद्धतीने होते. बाप जातो, तलाठ्याकडे वारस लागतात, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात. मग कधीतरी भाऊ बहिणींना गाडीत घालून तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. नाही म्हटलं तर माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. कागद कायद्याने पक्का होतो. पण ज्या सहीमागे राजीखुशी नव्हती ती अल्लाहपुढे किती टिकेल, हे तुमच्या मिस्टरांनी स्वतःला विचारायला हवं. कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा ठरवून दिलेला आहे. भावाच्या मर्जीवर तो सोडलेला नाही.

हज कबूल झालेला माणूस आईच्या पोटातून आज जन्मल्यासारखा परततो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या जोडीला आलिम लोक आणखी एक गोष्ट सांगतात, ती लोकांच्या लक्षात राहत नाही. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करेल, पण माणसांचे हक्क, म्हणजे कर्ज, अमानत, दाबून ठेवलेली जमीन, हे ज्याचे त्याला दिल्याशिवाय किंवा त्याने मनापासून सोडल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणून 'आल्यावर बघू' म्हणणं मला पटत नाही. परत येण्याची हमी कुणाजवळ आहे?

आपल्याकडे निघायच्या आधीच्या आठवड्यात हाजी घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणतात. रिवाज चांगला आहे, पण त्या आठवड्यात कुणी नाही म्हणू शकत नाही. दारात हार घातलेला माणूस उभा, मागे चार नातेवाईक, तेव्हा समोरची व्यक्ती 'माफ केलं' एवढंच म्हणणार. नणंदेकडे तसं जाऊ नका. आत्ता जा. आत्ता ती नाही म्हणू शकते, रागावू शकते, नऊ वर्षांचं सगळं बोलून टाकू शकते, आणि ते ऐकून घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे. तुम्ही दोघंच जा. मोबाईल घरी ठेवा. बोलायचं ते तुमच्या मिस्टरांनी बोलायचं: "तुझा वाटा माझ्याकडे राहिलाय. कसा देऊ, तू सांग." फक्त माफी मागून येऊ नका, देण्याचं बोलूनच उठा. वाडीचे तुकडे पाडणं जमणार नसेल तर तिच्या वाट्याची आजच्या भावाने किंमत करा. यंदाच्या आंब्याचे पैसे हातात आले की पहिला हप्ता तिला द्या आणि उरलेलं वकिलाकडून लिहून घ्या. ती बोललीच नाही, दार उघडलंच नाही, तरी तिचं देणं उरतंच. ते वसीयतमध्ये, म्हणजे मृत्युपत्रात लिहा आणि मुलाला सांगून ठेवा.

माझे वडील हजला गेले तेव्हा मुंबईहून जेद्दाला जहाज जायचं. १९९५ पर्यंत ती सोय होती. निघायच्या दोन महिने आधी एका सकाळी ते टिकाव घेऊन वाडीच्या कडेला गेले. शेजारच्या काकांच्या आणि आमच्या हद्दीत चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे बांध होता. आजोबांच्या काळात तो आमच्या बाजूने पुढे सरकलेला होता, हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वडिलांनी एकेक चिरा उचलला आणि गडगा दोन हात मागे घेतला. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले आणि काही न बोलता पलीकडून चिरे लावू लागले. निघायच्या दिवशी त्यांनीच सोललेला नारळ आणून वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या पोराच्या नोकरीसाठी तिथे दोन शब्द सांगा." मी तेव्हा चौथीत होते. हजची तयारी म्हटलं की मला अजून ते तांबडे चिरे आठवतात.

मिस्टरांशी बोलताना वाद घालू नका. त्यांना वही घेऊन बसवा आणि दोघं मिळून लिहा: आपल्याकडे कुणाचं काय आहे? सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, कुणी ठेवायला दिलेले दागिने, बाकी राहिलेली गरिबांच्या हक्काची जकात. कर्जाचे हप्ते वेळेवर जाण्याची सोय मागे लावून दिली तर त्यासाठी हज अडत नाही. मुलाने आनंदाने पैसे दिलेत, तर त्या पैशातला हजही पुरा होतो, ती शंका काढून टाका. आणि त्या वहीत तुमचा मेहेरही, म्हणजे निकाहात नवऱ्याने द्यायची रक्कमही लिहा. दिला गेलाय का? कितीतरी घरांत तो निकाहाच्या कागदावरच राहतो.

आता दुआंचं. फेरीफेरीची वेगळी दुआ पाठ नसेल तर हज होत नाही, असं ज्याने सांगितलं त्याने तुम्हाला उगाच घाबरवलं. तवाफमध्ये काबाच्या रुक्ने यमानी आणि हज्रे अस्वदच्या कोपऱ्यांमधे 'रब्बना आतिना' म्हणतात, ती दुआ तुम्हाला येतेच. बाकी जे मागायचं ते आपल्या बोलीत मागा. तल्बिया मात्र अर्थासकट शिका, कारण एहराम, म्हणजे हजची नियत बांधल्यापासून तीच तुमच्या तोंडात राहणार आहे. 'लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक': हजर आहे, या अल्लाह, मी हजर आहे. तुझा कुणी भागीदार नाही, मी हजर आहे. स्तुती तुझी, देणं तुझं, राज्य तुझं. चुलीशी भाकरी थापताना म्हणा, विहिरीवर म्हणा. चार महिन्यांत ती जिभेवर बसेल आणि तिथे म्हणताना रडू येईल.

हजच्या महिन्यातला, नऊ जिल्हिज्जचा अरफातच्या मैदानातला दिवस हाच हजचा गाभा. दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत मागत राहायचं असतं. तंबूत उकडतं, झोप येते, शेजारची बाई गप्पा मारते आणि अर्धा दिवस कधी गेला कळत नाही. म्हणून घरूनच एक छोटी वही न्या. ज्यांनी ज्यांनी दुआ सांगितली त्यांची नावं आणि मागणी लिहा. शेवटची दोन पानं स्वतःसाठी कोरी ठेवा, नाहीतर सगळ्या गावाचं मागून तुमचं राहून जाईल.

मनाच्या तयारीचं म्हणाल, तर सूरह बकरात हजबद्दल सांगितलंय की त्या दिवसांत भांडण नाही. वाचायला सोपं वाटतं. पण एका खोलीत चार-पाच अनोळखी बायका, एसी वाढवायचा की बंद करायचा, न्हाणीघरात आधी कोण, बस दोन तास आली नाही, मीनाच्या तंबूंच्या मुक्कामात संडासापुढे रांग: तिथे त्या आयतीचा कस लागतो. मीनात अजानच्या तासभर आधीच उठून न्हाणीघर उरकून घ्या, निम्मी भांडणं तिथेच टळतात. आणि आजपासून सराव करा. घरात, बाजारात कुणी टोचून बोललं की उत्तर गिळायचं. नणंदेकडे पहिला धडा मिळेलच.

पुढची गोष्ट आपण कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे असल्याने फार महत्त्वाची आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उर्दू पुस्तकांत ती सापडत नाही, कारण ती हनफी या दुसऱ्या परंपरेच्या पद्धतीने लिहिलेली असतात. आपल्याकडे नवऱ्याच्या उघड्या हाताला हात लागला तरी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी जाते, आणि तवाफला वजू लागतो. गर्दीत नवरा-बायको सवयीने हात धरतात. माझंही तेच झालं. चौथ्या फेरीत मी घाबरून मिस्टरांचा हात धरला, लगेच आठवलं, वजू करायला बाहेर पडले आणि दोन तास आमची चुकामूक. नंतर कळलं की वजू करून येऊन राहिलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या असत्या तरी चाललं असतं. मी मात्र रडत बसले होते. म्हणून हात धरू नका. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरा. एहराममध्ये बाईला हातमोजे चालत नाहीत, त्यामुळे बाह्या मनगटापर्यंत असू द्या. परक्यांचा स्पर्श गर्दीत टाळता येत नाही. अशा वेळी हनफी मतावर चालण्याची मुभा आपले आलिम देतात. गावच्या खतीबसाहेबांकडून हे निघण्याआधी नीट समजून घ्या. हजच्या शिबिरात शिकवणारे हनफी असले तरी जरूर जा, फक्त आपल्या मसलकचा फरक विचारत चला. दहा जिल्हिज्जला सैतानाच्या खांबांना खडे मारणं, कुर्बानी आणि केस कापणं यांचा क्रम हनफींना पाळावाच लागतो, आपल्याला तो मागेपुढे झाला तरी दम, म्हणजे भरपाईची कुर्बानी लागत नाही. खोलीतल्या हनफी बायका कुर्बानीच्या निरोपाची वाट बघत बसल्या तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

आणि डोक्याला बांधायच्या पांढऱ्या फडक्याला बायका 'एहराम' म्हणतात, तो गैरसमज आहे. एहराम म्हणजे नियत. कपडे तुमचे नेहमीचेच, चेहरा उघडा. ते फडकं वजूच्या वेळी सरकवा आणि डोक्यावर ओला हात फिरवा. एहराम सुटेल या भीतीने फडक्यावरूनच हात फिरवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांचा वजूच होत नाही.

आता गुडघे. सईत सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपा मिळून तीन किलोमीटरच्या आसपास होतात, तवाफ वेगळा, मीनातून जमरातला, म्हणजे खडे मारायच्या खांबांपाशी जाणं-येणं वेगळं. आजपासून रोज चाला. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर चाला, कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघ्यांवर उलट ताण येतो. वीस मिनिटांपासून सुरू करा आणि निघण्याआधी तासाभरावर या. सईसाठी व्हीलचेअर मिळते. गुडघे बोलू लागले की ती घ्या, सई पुरी होते. अरफातनंतरच्या रात्रीचा मुक्काम मुझदलिफाला असतो, तिथून अशक्तांना आणि बायकांना मध्यरात्रीनंतर निघता येतं. अगदीच जमलं नाही तर तुमच्या वतीने दुसरा कुणी खडे मारू शकतो. या सवलती दीनानेच दिल्यात, त्या घेताना मनात कमीपणा आणू नका.

मिस्टरांची मला जास्त काळजी वाटते. बारा वर्षांची साखर म्हणजे तळपायाची जाणीव कमी झालेली असण्याची शक्यता मोठी. हरममध्ये, काबाच्या मशिदीत, चप्पल हरवते, माणूस अनवाणी बाहेर पडतो, रस्ता तापलेला असतो आणि पाय भाजतोय हे कळतच नाही. जखम दुसऱ्या दिवशी दिसते. चप्पल कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, रॅकवर ठेवायची नाही. आणखी एक जोड खोलीत हवा. दोन्ही जोड आत्तापासून वापरून मऊ करा. रोज रात्री त्यांचे तळपाय तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. इन्सुलिन असेल तर थंड राहील अशा डब्यात, आणि औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. मेनिंजायटिसची लस आणि पोलिओचा डोस घ्यावाच लागतो. एहराममध्ये शिवलेले कपडे नसल्याने पुरुषांच्या मांड्या घासून सोलवटतात. हे कुणी सांगत नाही आणि मग पाच दिवस फेंगडं चालावं लागतं. बिनवासाचं व्हॅसलीन आधीपासून लावा.

डॉक्टरांनी त्यांना थांबायला सांगितलं तर? तुमच्याच दाभोळच्या अंडा मशिदीबद्दल सांगतात ना, विजापूरची शहजादी मक्केला जायला बंदरावर आली, समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून तिला मागे फिरावं लागलं, आणि हजसाठी आणलेल्या पैशातून तिने ती मशीद बांधली. कुरआनमध्ये हज 'ज्याला तिथवर पोचणं जमेल' त्याच्यावर आहे. तब्येत सुधारणारच नसेल तर हज्जे बदलचा, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला हजला पाठवण्याचा मार्ग आहे. डॉक्टरांपासून काही लपवू नका, एवढंच माझं मागणं.

हज आता मेमध्ये येतो, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. मे म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, उकाड्याची आपल्याला सवय आहे. आपला उकाडा घामाचा. तिथला कोरडा, घाम अंगावर दिसायच्या आधीच सुकतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळत नाही. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि तेराशेहून अधिक माणसं दगावली. त्यातले बहुतेक बिनपरवाना आलेले होते, त्यांना तंबूही नव्हते आणि गाड्याही नव्हत्या. तुम्ही हज कमिटीमार्फत जाताय, तंबू आहे. दुपारी त्यातून बाहेर पडू नका. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ओआरएसची पाकिटं न्या, पण साखर असल्याने मिस्टरांना किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. छत्री पुरुषालाही चालते, टोपी चालत नाही.

मीनात लाखभर तंबू, सगळे एकसारखे पांढरे. पोचल्याबरोबर जवळच्या खांबाच्या नंबराचा फोटो काढा आणि हातावर पेनानेही लिहा. गळ्यातलं कार्ड आणि हातातलं कडं न्हाणीघरातही काढायचं नाही.

बॅगेचं थोडंच आहे. चाळीस दिवसांचं खाणं नेऊ नका, तिथे तांदूळही मिळतो आणि डाळही. घरचा मसाला नेणार असाल तर तो खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. सौदीत खसखस अमली पदार्थात मोडते आणि मसाल्याच्या पुडीपायी माणूस विमानतळावर अडकू शकतो. मशेरी, तंबाखू, पान यांतलं काहीही बॅगेत नको. सवय असेल तर आत्ताच सोडा, चार महिने मिळतायत. आमसुलं मात्र जरूर न्या. एक चटई, थोडी दोरी, बिनवासाचा साबण, आणि मुझदलिफातल्या खड्यांसाठी एक लहान थैली. बारा तारखेला परतणाऱ्याला ४९ खडे लागतात, तेरा तारखेपर्यंत राहणाऱ्याला ७०. हरभऱ्यापेक्षा किंचित मोठे असले की झालं. बॅगेला लाल किंवा हिरव्या कापडाची पट्टी शिवा. मुंबईला एक दिवस आधी पोचा, मेमध्ये कोकण रेल्वे चाकरमान्यांनी भरलेली असते आणि महामार्गाचं काही सांगता येत नाही.

हे सगळं सावकाश होईल. या आठवड्यात फक्त नणंदेकडे जायचं ठरवा. जाताना डब्यात सांदणं न्या, तिच्या आईच्या हातची जशी असायची तशी. त्या घरात सांदणं कशी व्हायची हे आता तुम्हालाच माहीत आहे. जाऊन आलात की मला लिहा, ती काय म्हणाली ते.